आल्यागेल्यांची सफरचंदं

सुकलालच्या थोरल्या भावाने, काशिनाथने, सफरचंदांची पिशवी खाटेखाली सरकवली तेव्हा तिथे आधीच तीन पिशव्या होत्या. चौथी मावेना. ती कलंडली आणि एक सफरचंद घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं. खोलीत बसलेले सगळे एकदम ते उचलायला वाकले. बरं झालं, असंच त्या प्रत्येकाला वाटलं असणार, कारण तेवढा वेळ सुकलालच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

सुकलाल उशीला टेकून बसला होता. डिसेंबरात त्याचा उजवा जबडा काढला होता आणि छातीचं मांस गालाला लावून शिवलं होतं. तोंड बोटभर उघडायचं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती टिपायला हातात कायम एक टॉवेल. आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात गेलं होतं आणि आयुष्यभर गालात तंबाखूचा मावा होता. खात्यातल्या खडखडाटात बोलता येत नाही, मग माणसं चघळत राहतात. आता जबडा गेल्यावर हे सगळ्यांना कळत होतं. भेटायला आलेल्यांपैकी दोघं-तिघं तर मावा थुंकूनच आत आले होते.

नाकातली नळी काढताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, पुष्पाबाईला, समोर बसवून सांगितलं होतं. आता तोंडानेच खायचं. मऊ, पातळ, गोड, जे जाईल ते, पण पोटात गेलं पाहिजे आणि वजन चढलं पाहिजे. वजन असंच उतरत राहिलं तर कॅन्सरवरचा किरणांचा शेक देता येणार नाही, आणि शेक दिला नाही तर एवढं मोठं ऑपरेशन वाया. संक्रांत झाली की पुन्हा या, म्हणाले. पुष्पाबाईला बाकीचं काही कळलं नसेल, पण एवढं पक्कं कळलं की आता नवरा तिच्या चुलीवर जगणार किंवा मरणार आहे.

आणि तिच्या चुलीपाशी होती सफरचंदं.

माणूस आजारी पडला की सफरचंद न्यायचं, हे कोणी ठरवलं कोण जाणे. केळी फार साधी दिसतात, द्राक्षं पिशवीत फुटतात, पपई घेऊन गेलं तर घरून काढून आणल्यासारखी वाटते. सफरचंद मात्र कसं इभ्रतीचं. सुरतेतल्या भेस्तानात आमच्या खान्देशी घरांमधून कोणी दवाखान्यात पडलं की दिंडोलीपासून चलथाणपर्यंतचे सगे, भाऊबंद, एका गावचे, एका खात्यातले, सगळे पाहायला येतात, आणि रिकाम्या हाताने कोणी येत नाही. ज्याला दात लावता येत नाहीत अशा माणसासमोर ही लाल टणक फळं मांडून बसायची आणि म्हणायचं, खात जा, ताकद येईल. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. टाकवत नव्हतं, आणि शेजाऱ्यांना वाटावं तर शेजाऱ्यांनीच आणलेलं.

तेव्हा धनश्रीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मोबाइलवर शोधून दिलं. धनश्री कपड्याच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला जाते, आणि घरी आल्यावरही तिची बोटं मोबाइलवर घड्या घातल्यासारखीच चालतात. सफरचंदाची खीर, सफरचंदाचा शिरा, ओव्हन नसलेल्यांसाठी कुकरमधला केक, पंधरा मिनिटांत होणारं काय काय. पुष्पाबाईने पडद्यावरच्या बाईला नीट बघून घेतलं. ती बाई फार हसत होती, आणि तिच्या ओट्यावर एक डाग नव्हता.

पहिला शिरा बिघडला. सफरचंदाला पाणी सुटलं आणि रव्याचा चिखल झाला. दुसऱ्या वेळी तिने कीस आधी तुपात एकटाच परतला, पाणी आटून तो तांबूस झाल्यावरच रवा घातला, आणि साखर अगदी शेवटी. मऊ, सुटसुटीत, दालचिनीचा वास मारणारा शिरा झाला. मग कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी काढून, कणकेचा केक. मग खिरीत बिस्किटांचा चुरा. मग तर सांजोरीतही सारण म्हणून तिने सफरचंदच भरलं. हे कोणत्याच मोबाइलवर नव्हतं.

शिरा वाटीत घालून, दूध ओतून सारखा करून ती सुकलालपुढे धरायची. सुकलाल मान हलवायचा. चमचा ओठाशी नेला तर हाताने बाजूला करायचा. समोर दोन-चार माणसं बसलेली असायचीच, तीही म्हणायची, खा रे, एक घास खा, बाईने एवढं केलंय. तो भिंतीकडे तोंड करायचा. मग वाटी तशीच परत आत जायची आणि चहाबरोबर बाकीच्यांना द्यायला काहीतरी हवंच म्हणून तोच शिरा बशांमध्ये बाहेर यायचा.

"हाऊ तू बनाडा?" शेजारच्या रंजनाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिच्या तोंडात केकचा तुकडा होता. "बजारना वाटस."

पुष्पाबाईने पदर सावरला आणि काहीच नाही असं दाखवलं, पण तिला ते गोड लागलं. फार गोड लागलं. लग्न होऊन पारोळ्याकडून सुरतेत आल्यापासून तिने भाकरी थापल्या होत्या, मिरच्या वाटल्या होत्या, रात्रपाळीच्या माणसासाठी नको त्या वेळी चूल पेटवली होती, उरल्या वेळात साड्यांना टिकल्या चिकटवल्या होत्या. कोणी वाईट म्हटलं नाही आणि कोणी चांगलंही म्हटलं नाही. नवरा लोकांच्या लग्नात वरण-बट्टी वाढायला कंबर कसून पुढे, पंगतीत फिरून फिरून आग्रह करणार, आचाऱ्याचं कौतुक करणार. घरी जेवला की हात धुऊन उठायचा. आता पन्नाशीत, नवऱ्याच्या आजारपणात, लोक तिला विचारत होते की हे कशात काय घालून केलंस. ती सांगायची. सांगताना तिचा आवाज जरा उंच व्हायचा, हेही खरं आहे, आणि ते लपवून काय करायचं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पाहायला येणाऱ्यांची गर्दी साधारणपणे आठवड्याभरात ओसरते. इथे ती वाढली. कामरेजचा एक चुलत साडू, ज्याने सुकलालच्या मुलीच्या साखरपुड्यालाही तोंड दाखवलं नव्हतं आणि नंतर तो मोडला तेव्हाही नाही, तो दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा बायकोला घेऊन. प्रत्येकाच्या हातात सफरचंदं. ती आत जायची आणि शिरा होऊन बाहेर यायची. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हे नव्हे, सुकलाल अजून बसलेला होता. पण फार लांबचंही नव्हे.

खोली एकच. दारासमोर खाट, खाटेमागे पडदा, पडद्यामागे चूल. दार दिवसभर सताड उघडं, कारण आमच्या गल्लीत दिवसा कोणी दार लावत नाही. दिवसा दार लावलेलं दिसलं तर समजावं की आत भांडण आहे किंवा माणूस गेलंय. त्या उघड्या दारातून गल्ली आत बघायची आणि आतला माणूस गल्लीला दिसायचा.

सुकलाल दाराकडे बोट करायचा. वाटी पुढे आली की हात वर करून दाराकडे दाखवायचा. जानेवारीचे दिवस, सकाळी गार वारा, पुष्पाबाईला वाटलं, त्याला थंडी वाजतेय. तिने त्याच्या कानाला मफलर बांधला. दुसऱ्या दिवशी त्याने परत दाखवलं, तेव्हा पायावर आणखी एक गोधडी घातली. तिसऱ्या दिवशी त्याने हात वर केला नाही.

संक्रांत आली. सुरतेत त्या दिवशी घरात कोणी नसतं, अख्खं शहर गच्चीवर. सकाळपासून भोंगे लागले, आकाश पतंगांनी भरलं, आणि गल्लीत चिटपाखरू उरलं नाही. पुष्पाबाईने सवयीने मोठं पातेलं भरून शिरा केला होता. दुपार झाली तरी एक माणूस आलं नाही. तुटलेले मांजे दारातून आत येत होते, एक तर खाटेच्या पायालाच गुंडाळला गेला. गच्चीवर जायच्या आधी धनश्रीने तो तोडला आणि जाताना दार बाहेरून ओढून घेतलं.

पुष्पाबाई वाटी घेऊन आली, रोजच्यासारखी, काही आशा न ठेवता. सुकलालने बंद दाराकडे पाहिलं. मग हात पुढे करून वाटी स्वतःच घेतली.

त्याने टॉवेल मांडीवर पसरला आणि खायला लागला. ते बघण्यासारखं नव्हतं. घास ओठातून आत जाताना अर्धा बाहेर येत होता. चावता येत नसल्याने जीभ घास फिरवत होती, तो चुकीच्या बाजूला गेला की बोट घालून परत आणावा लागत होता. आवाज होत होता. हनुवटीवरून दूध टॉवेलवर सांडत होतं. आयुष्यभर पंगतीत ताठ मानेने फिरलेला माणूस कुत्र्यासारखा वाटीवर वाकला होता. त्याने एकदा वर पाहिलं, ती बघतेय हे त्याला दिसलं, आणि चमचा थांबला.

पुष्पाबाई पडद्यामागे गेली. भिंतीला टेकून उभी राहिली. चमचा वाटीला लागल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला. तिला मफलर आठवला. गोधडी आठवली. आणि हातात बशा घेऊन दारापर्यंत जाणारी ती स्वतःच आठवली, आणखी एक तुकडा घ्या म्हणणारी.

"अजून शे का?" पडद्यापलीकडून घोगरा आवाज आला.

तिने दुसरी वाटी भरून दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली. ती रिकामी करून सुकलालने तोंड पुसलं.

"चांगला व्हयना," तो म्हणाला. शब्द नीट फुटले नाहीत, पण तिला कळले. सगळ्या संसारात हे त्याने एकदाच म्हटलं. ती पलीकडे तोंड करून उभी होती ते बरं झालं.

संक्रांतीचा दुसरा दिवस, वासी उतरायण, तोही तसाच गच्चीवर गेला. दोन दिवस दार बंद, दोन दिवस तो जेवला. शिरा, खीर, दुधात कालवलेला केक. तिसऱ्या दिवशी गल्ली गच्चीवरून खाली उतरली आणि सकाळीच दोन पिशव्या सफरचंदं आली. ती माणसं चहा पिऊन जाईपर्यंत पुष्पाबाईने दम धरला. मग तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. भर दुपारी दार लावून आतून कडी घातली.

सुकलालने वाटी घेतली. टॉवेल पसरला. चार-सहा घास गेले असतील, तोच कडी वाजली.

रंजना होती. पुष्पाबाईने आतूनच सांगितलं, "जेवन करी राहिनात. जराशीक थांबा."

"जेवन करी राहिनात त मंग दार कसाले लावं?"

पुष्पाबाई गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्याने सगळं बिघडलं. दार बंद, आत आजारी माणूस, बाई बोलत नाही. रंजनाने दुसरीला हाक मारली. दोघींनी मिळून दार वाजवलं. पाच घरांतली माणसं उंबऱ्याबाहेर आली. कोणीतरी म्हणालं, गेला वाटतं. कोणीतरी खिडकीच्या फटीला डोळा लावला. कोणीतरी काशिनाथला फोन केला, त्याचं खातं दोनच गल्ल्या सोडून, तो मशीन चालू सोडून धावत आला. सुकलाल वाटी हातात धरून दाराकडे बघत होता. बायकोने दार उघडू नये एवढंच त्याला हवं होतं, आणि ते तिला या वेळी बोट न दाखवताही कळत होतं.

"पुष्पा, दार उघाड," बाहेरून काशिनाथचा आवाज आला.

काशिनाथ तिचा जेठ, थोरला दीर. त्याच्यासमोर तिने कधी मान वर केली नव्हती की त्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्याचा आवाज कानावर पडला आणि तिचा एक हात आपोआप पदराकडे गेला, दुसरा कडीकडे. विचार करायला वेळच मिळाला नाही. पदर डोक्यावर आला आणि दार उघडलं.

उन्हासकट सगळे एकदम आत आले. सुकलालच्या तोंडात घास होता. हनुवटीवर शिरा होता, मानेवर ओघळलेलं दूध होतं, उजव्या हाताचं बोट अजून गालात होतं. त्याला ते काढायलाही सुचलं नाही. बायांपैकी एकीने तोंड फिरवलं. मागे उभा असलेला एक जण, ज्याला सुकलालने कितीतरी लग्नांत आग्रहाने बट्टी वाढली होती, तो हळूच बाहेर सरकला. रंजना म्हणाली, अगं बाई, जेवताच होते की, आम्हाला वाटलं काय झालं. ती मनापासून म्हणाली. सगळेच मनापासून घाबरले होते आणि आता मनापासून सुटल्यासारखे दिसत होते.

काशिनाथने सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. मग पुष्पाबाईकडे न बघता, जमिनीकडे बघत, हलक्या आवाजात बोलला. रागावला नव्हता. समजावत होता, तेच वाईट.

"लोके पाहाले येतस, त्यास्ना तोंडवर दार लावानं नही. सकाय खांदा देवाले ह्याच मानसे लागतीन."

खाट तिथून दोन हातांवर होती. सुकलालने ते ऐकलं. त्याने गालातलं बोट काढलं, तोंडातला घास टॉवेलमध्ये काढून ठेवला, टॉवेलची नीट घडी घातली आणि भिंतीकडे वळून झोपला.

त्यानंतर तो तोंडाने जेवला नाही. दार परत उघडं राहिलं. संक्रांतीनंतर दवाखान्यात नेलं तेव्हा वजन आणखी उतरलं होतं. पुन्हा नळी घातली, ती त्याने दोनदा उपसून काढली. गळ्याशी गाठ आली. मग डॉक्टरांनी शेकाचं नावच काढलं नाही, आणि पुष्पाबाईनेही विचारलं नाही.

सफरचंदं येत राहिली. ती किसत राहिली. धनश्री एका संध्याकाळी कामावरून आली, घरात सात माणसं बशा घेऊन बसलेली, बाप भिंतीकडे तोंड करून. ती आत येऊन आईच्या हातातला झारा काढून घेत म्हणाली, "मम्मी, तू खिलाना बंद कर ना. मग कोणी येणारच नाही."

"आल्या मानूसले काय दिऊ मंग?" पुष्पाबाई म्हणाली. "नुसता चहा?"

धनश्री झारा परत कढईत टाकून बाहेर जाऊन बसली. तिला आईचा राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. पुष्पाबाईलाही स्वतःचा येत होता, पण कीस काळा पडायला लागला होता, तो आधी तुपात टाकणं भाग होतं.

होळीच्या आसपास सुकलाल गेला. काशिनाथचं म्हणणं खरं ठरलं. खांदा द्यायला चार नव्हे, अर्धं भेस्तान लोटलं, गल्लीच्या तोंडापर्यंतही एका माणसाला दोनदा पाळी मिळाली नाही. काशिनाथने जाताना भावजयीकडे एकदा पाहिलं. त्यात टोमणा नव्हता, समाधान होतं. बघ, माणसं जोडून ठेवली होती, असं.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी गोडाचं जेवण असतं. आचारी बुंदी करणार होता. पण काशिनाथ सकाळी एक पेटी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवली. सफरचंदं. म्हणाला, भाऊबंदांपुरता तुझ्या हातचा शिरा कर. सुकलालला फार आवडायचा, सगळे सांगतात.

"त्यास्नी दोनच दिन खाधा," पुष्पाबाई म्हणाली. जेठाशी ती आपणहून बोलली असं पहिल्यांदाच घडलं. "संक्रांतले. दार बंद व्हतं म्हनीसन."

काशिनाथने मान हलवली. दुःखातली बाई काहीबाही बोलते, तिला बोलू द्यावं, एवढं त्याला कळत होतं. "मंग करच," तो म्हणाला.

तिने केला. साल काढली, किसलं, कीस आधी एकटा परतला, साखर शेवटी घातली. गल्लीत मांडव घातला होता, पंगती बसल्या, आणि बुंदी राहिली बाजूला, लोक शिराच मागत होते. कामरेजचा साडू होताच. पुष्पाबाईने दोन पंगती स्वतः वाढल्या. तिसरीला रंजनाने तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हणाली की आता तू दोन घास खा, सकाळपासून पोटात काही नाही.

पुष्पाबाईने वाटीत शिरा घेतला. त्यावर दूध ओतलं. वाटी घेऊन घरात गेली, दार लावलं आणि कडी घातली. भर दुपार होती. खाटेवर बसून तिने उशीखालचा टॉवेल काढला, धुऊन घडी घातलेला, आणि मांडीवर पसरला. मग भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने दाराशी पावलं आली. कोणीतरी कडीला हात घातला असावा, कारण ती जराशी वाजली. लगेच बाहेरून काशिनाथचा आवाज आला.

"दार नका ठोका रे. निवांत जेवू द्या तिले."

पावलं परत फिरली. बाहेर कोणीतरी आणखी शिरा मागत होतं. पुष्पाबाईने ओठाशी नेलेला चमचा वाटीत परत ठेवला.